अभिजात मोटारींतील इंजिन शीतक

इंजिन शीतक, बोलीभाषेत कूलंट, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या मोटार इंजिनातील जादा उष्णता शोषून ती रेडिएटरपर्यंत वाहून नेणारे द्रव मिश्रण होय. सामान्यतः ते पाणी, ग्लायकॉल आणि गंजरोधक रसायने यांचे बनलेले असते. अभिजात मोटारींच्या, म्हणजेच क्लासिक कारच्या, देखभालीत शीतकाची निवड हा स्वतंत्र विषय मानला जातो. या मोटारींची इंजिने, रेडिएटर आणि त्यांचे सांधे आजच्या मोटारींपेक्षा वेगळ्या धातूंचे असतात. त्यामुळे नव्या मोटारीसाठी उत्तम ठरणारे शीतक जुन्या मोटारीला अपायकारक ठरू शकते. अयोग्य किंवा जीर्ण शीतकामुळे होणारे नुकसान आतल्या आत आणि सावकाश होते. ते लक्षात येईपर्यंत अनेकदा सिलिंडर हेडसारखा मूळ भाग निकामी झालेला असतो, आणि उत्पादन बंद झालेल्या मोटारींच्या बाबतीत असा भाग पुन्हा मिळणे अवघड असते.

फोक्सवॅगन बीटलसारख्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनांत शीतक नसते. त्यामुळे प्रस्तुत लेखातील विवेचन त्यांना लागू होत नाही.

कार्य

शीतकाची कार्ये मुख्यतः चार आहेत: उष्णता वाहून नेणे, थंडीत न गोठणे, उष्ण स्थितीत न उकळणे आणि धातूंचे क्षरण रोखणे. यांपैकी पहिले कार्य शुद्ध पाणी सर्वांत चांगले पार पाडते. पाण्याची विशिष्ट उष्णता सुमारे ४.२ किलोज्यूल प्रति किलोग्रॅम प्रति अंश सेल्सिअस आहे. पाणी व एथिलीन ग्लायकॉल यांच्या समप्रमाणातील मिश्रणात ती १५ ते २० टक्क्यांनी कमी असते. उरलेल्या तिन्ही कार्यांत मात्र साधे पाणी अपुरे पडते.

पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. या प्रसरणामुळे इंजिनाच्या ओतीव ठोकळ्याला तडा जाऊ शकतो. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, पण उंचीवर हा बिंदू खाली येतो. सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरात उघडे पाणी ९५ ते ९६ अंशांना उकळते. शिवाय पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन आणि क्षार लोखंड, पितळ, तांबे व ॲल्युमिनियम या धातूंवर सतत क्रिया करीत असतात. हे धातू एकाच द्रवात एकमेकांशी जोडलेले असले, की विद्युत घटासारखी स्थिती निर्माण होऊन त्यांतील अधिक क्रियाशील धातू, बहुधा ॲल्युमिनियम, वेगाने झिजतो.

इतिहास

आरंभीच्या मोटारींत केवळ पाणी वापरले जाई. १९०८ मध्ये बाजारात आलेल्या फोर्ड मॉडेल टी या मोटारीच्या सुरुवातीच्या काही गाड्यांना पाण्याचा पंप होता. त्यानंतर मात्र तापलेले पाणी हलके होऊन वर चढते आणि थंड झालेले खाली उतरते या तत्त्वावर, म्हणजे थर्मोसायफन पद्धतीने, तिचे अभिसरण चाले. थंड हवामानाच्या देशांत हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून त्यात मिथेनॉल, इथेनॉल, ग्लिसरीन किंवा कॅल्शियम क्लोराइडसारखे क्षार मिसळले जात. यांपैकी प्रत्येकात दोष होता. मिथेनॉल ६५ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळून उडून जाई, ग्लिसरीन दाट होई आणि क्षारांमुळे धातू गंजत.

एथिलीन ग्लायकॉल हे संयुग फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल-आदोल्फ वुर्त्झ यांनी १८५० च्या दशकात प्रथम तयार केले. मोटारींसाठी त्याचा वापर १९२० च्या दशकात रूढ झाला. अमेरिकेत १९२७ मध्ये ‘प्रेस्टोन’ या नावाने एथिलीन ग्लायकॉलवर आधारित गोठणरोधक विक्रीस आले. ते सहज उडून जात नसल्याने ‘कायमस्वरूपी’ गोठणरोधक म्हणून ओळखले जाऊ लागले. विमानांच्या इंजिनांतही ग्लायकॉलचा वापर झाला. रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनात आरंभी शुद्ध ग्लायकॉल वापरले जाई. नंतर दाबाखालील पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण वापरात आले.

दुसऱ्या महायुद्धानंतर दाब धरून ठेवणारे रेडिएटरचे झाकण सर्वसाधारण झाले. बंदिस्त प्रणालीत दाब वाढला की उत्कलनबिंदूही वाढतो. दर चौरस इंचाला ७ पौंड जादा दाब असल्यास साधे पाणी सुमारे १११ अंशांना, तर १५ पौंड जादा दाब असल्यास सुमारे १२१ अंशांना उकळते. विसाव्या शतकाच्या अखेरीस सेंद्रिय आम्लांवर आधारित दीर्घायुषी शीतके प्रचारात आली. जनरल मोटर्स कंपनीने १९९० च्या दशकाच्या मध्यापासून वापरलेले डेक्स-कूल हे त्यांचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

घटक

बहुतेक शीतकांचा आधारद्रव एथिलीन ग्लायकॉल हा असतो. काहींत त्याऐवजी कमी विषारी असलेले प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरतात. शुद्ध एथिलीन ग्लायकॉल सुमारे उणे १३ अंशांनाच गोठते, पाण्यात मिसळल्यावर मात्र मिश्रणाचा गोठणबिंदू त्याहून पुष्कळ खाली जातो. त्यामुळे जास्त ग्लायकॉल घातल्यास जास्त संरक्षण मिळते ही समजूत एका मर्यादेपलीकडे चुकीची ठरते. आकारमानाच्या प्रमाणात एथिलीन ग्लायकॉल मिसळल्यास वातावरणीय दाबाखाली मिळणारे अंदाजे आकडे पुढीलप्रमाणे आहेत:

० टक्के: गोठणबिंदू ०°, उत्कलनबिंदू १००° सेल्सिअस
३३ टक्के: गोठणबिंदू उणे १८°, उत्कलनबिंदू १०४° सेल्सिअस
५० टक्के: गोठणबिंदू उणे ३७°, उत्कलनबिंदू १०७° सेल्सिअस
१०० टक्के: गोठणबिंदू उणे १३°, उत्कलनबिंदू १९७° सेल्सिअस

गंजरोधक रसायनांचे प्रमाण मिश्रणात अल्प असले, तरी उष्ण प्रदेशात शीतकाचे खरे मूल्य त्यांच्यातच असते. ही रसायने वापराने खर्च होतात. ग्लायकॉल मात्र टिकून राहते. त्यामुळे जुने शीतक गोठण्यापासून संरक्षण देत असतानाही क्षरण रोखण्याची त्याची शक्ती संपलेली असू शकते. ग्लायकॉलचेही उष्णता व हवा यांच्या संपर्कात हळूहळू ऑक्सिडीकरण होऊन ग्लायकॉलिक व फॉर्मिक आम्ले तयार होतात आणि अल्कधर्मी असलेले मिश्रण आम्लधर्मी होत जाते.

प्रकार

गंजरोधकांच्या स्वरूपावरून शीतकांचे पुढील प्रकार पाडतात.

अकार्बनी शीतक: यात सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट, नायट्राइट यांसारखे क्षार असतात. ते धातूच्या संपूर्ण पृष्ठभागावर त्वरित संरक्षक थर चढवतात. हा थर राखण्यात क्षार लवकर खर्च होत असल्याने असे शीतक साधारणतः दर दोन वर्षांनी बदलावे लागते. विसाव्या शतकातील बहुतेक मोटारींची रचना याच प्रकारचे शीतक गृहीत धरून झालेली आहे.

सेंद्रिय आम्लयुक्त शीतक: यात सेबॅसिक आम्ल, २-इथाइलहेक्झॅनॉइक आम्ल इत्यादींचे क्षार असतात. क्षरणास आरंभ झालेल्या जागीच ते मुख्यतः क्रिया करतात. त्यामुळे ते सावकाश खर्च होतात आणि शीतक पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ टिकते. ॲल्युमिनियमचे इंजिन, ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि हवा न शिरणारी बंदिस्त प्रणाली यांसाठी ते योग्य असते.

संकरित शीतक: यात सेंद्रिय आम्लांबरोबर सिलिकेट किंवा फॉस्फेट यांपैकी एखादा घटक असतो. युरोपात कठीण पाण्यामुळे साका बसू नये म्हणून फॉस्फेट टाळण्याकडे कल आहे. जपानी उत्पादक वॉटर पंपाच्या सीलच्या दृष्टीने सिलिकेट टाळून फॉस्फेट पसंत करतात.

निर्जल शीतक: हे जवळजवळ केवळ ग्लायकॉलांचे मिश्रण असते. त्याचा उत्कलनबिंदू १८० अंशांच्या आसपास असल्याने दाब फारसा वाढत नाही, आणि पाणी नसल्याने क्षरणही कमी होते. पण त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता पाणीयुक्त मिश्रणापेक्षा कमी असते, किंमत जास्त असते, आणि ते भरण्यापूर्वी प्रणालीतील पाण्याचा अंश पूर्णपणे काढावा लागतो. प्रवासात गळती झाल्यास त्यात पाण्याची भर घालून चालत नाही.

रंगाविषयी गैरसमज

निळे, हिरवे, नारिंगी, गुलाबी असे शीतकाचे रंग केवळ ओळखीसाठी आणि गळती दिसावी यासाठी मिसळलेले असतात. जुनी अकार्बनी शीतके बहुधा निळी किंवा हिरवी आणि सेंद्रिय आम्लयुक्त शीतके नारिंगी किंवा लाल असली, तरी रंगांचे कोणतेही सर्वमान्य मानक नाही. एकाच रंगाची दोन शीतके रासायनिकदृष्ट्या सर्वस्वी भिन्न असू शकतात. म्हणून डब्यावरील घटक व मानक पाहणे आवश्यक असते. ब्रिटनमध्ये बीएस ६५८०, अमेरिकेत एएसटीएम डी ३३०६, जपानमध्ये जेआयएस के २२३४ आणि भारतात आयएस ५७५९ ही मानके प्रचलित आहेत. मानकाच्या उल्लेखाबरोबरच गंजरोधकाचा प्रकारही पाहावा लागतो.

जुन्या इंजिनांची रचना आणि शीतकाची निवड

इंजिनाचा ठोकळा, सिलिंडर हेड, रेडिएटर, सांधे आणि गॅस्केट हे कशाचे बनलेले आहेत, यावर शीतकाची निवड अवलंबून असते. जुन्या रेडिएटरमध्ये पितळी नळ्या व तांब्याच्या पातळ पट्ट्या शिसे-कथलाच्या डाखाने जोडलेल्या असतात. काही सेंद्रिय आम्लयुक्त शीतके या डाखातील शिशाचे क्षरण करतात. २-इथाइलहेक्झॅनॉइक आम्लाचा काही प्रकारच्या सिलिकोन गॅस्केटांवर व प्लॅस्टिकवरही परिणाम होतो. शिवाय जुन्या प्रणालीत प्रसरण टाकी नसते. रेडिएटरच्या वरच्या टाकीत हवेची पोकळी राहते आणि ऑक्सिजनचा शिरकाव चालूच असतो. अशा स्थितीत सेंद्रिय आम्लांचे सावकाश मिळणारे संरक्षण अपुरे पडू शकते. या कारणांमुळे ब्रिटनमधील ऐतिहासिक वाहनांच्या क्लबांच्या महासंघाने जुन्या वाहनांत अकार्बनी शीतकच वापरावे व भिन्न प्रकार एकमेकांत मिसळू नयेत, असा सल्ला दिला आहे.

ठोकळा व हेड दोन्ही ओतीव लोखंडाचे, म्हणजे बिडाचे, असल्यास इंजिन तुलनेने सोशिक असते. एमजीबी ही ब्रिटिश मोटार आणि मॉरिस ऑक्सफर्डवर आधारित हिंदुस्तान अँबेसेडर यांतील ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेची इंजिने या वर्गात मोडतात. यांत साध्या पाण्याने गंज व गाळ साचतो, पण तो धोका दीर्घकाळानंतर जाणवतो.

लोखंडी ठोकळा व ॲल्युमिनियमचे हेड असलेली इंजिने अधिक नाजूक असतात. जग्वारचे एक्सके इंजिन आणि फियाट ११०० चे इंजिन ही त्यांची उदाहरणे होत. अशा इंजिनात गंजरोधक क्षीण झाल्यास ॲल्युमिनियमच्या हेडमधील पाण्याच्या वाटा कुरतडल्या जातात. गॅस्केट टेकण्याच्या जागी खड्डे पडले की दाब धरत नाही आणि शीतक सिलिंडरमध्ये किंवा तेलात उतरते. ग्लायकॉल मिसळलेल्या तेलाची वंगणक्षमता नष्ट होऊन बेअरिंगे खराब होतात.

शीतकाकडे झालेल्या दुर्लक्षाचे परिणाम ट्रायम्फ स्टॅग या १९७० ते १९७७ दरम्यान निघालेल्या मोटारीत प्रकर्षाने दिसले. तिच्या ३ लिटर क्षमतेच्या व्ही-८ इंजिनाचा ठोकळा लोखंडी आणि हेड ॲल्युमिनियमची होती. वॉटर पंप इंजिनात उंचावर असल्याने शीतकाची पातळी थोडी घटली तरी अभिसरण खंडित होई. ओतकामातील वाळूचे अवशेष आणि हेडच्या क्षरणातून निघालेला गाळ रेडिएटरच्या नळ्यांत अडके. इंजिन तापून हेड वाकल्याच्या तक्रारींमुळे या मोटारीची प्रतिष्ठा खालावली. योग्य गंजरोधक वर्षभर वापरून, पातळी राखून आणि रेडिएटर स्वच्छ ठेवून हीच इंजिने आज अनेक मालक व्यवस्थित चालवतात.

संपूर्ण ॲल्युमिनियमच्या इंजिनांत, उदाहरणार्थ रोव्हरच्या ३.५ लिटर व्ही-८ मध्ये, केवळ पाणी वापरणे धोक्याचे समजले जाते. अशा इंजिनासाठी ॲल्युमिनियमला अनुरूप असे सिलिकेटयुक्त अकार्बनी शीतक निवडतात.

पाण्याचा दर्जा आणि मिश्रणाचे प्रमाण

तीव्र शीतक पातळ करण्यासाठी डिस्टिल्ड किंवा क्षारविरहित पाणी वापरतात. विहिरीच्या व कूपनलिकेच्या कठीण पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार तापलेल्या पृष्ठभागावर पापुद्र्यासारखे बसतात. हा थर उष्णतेचा दुर्वाहक असल्याने त्याखालील धातू तापतो. कठीण पाणी फॉस्फेटयुक्त शीतकात मिसळल्यास साका तयार होतो. क्लोराइड क्षारांमुळे ॲल्युमिनियमला सूक्ष्म खड्डे पडतात.

बर्फ पडणाऱ्या प्रदेशात ५० टक्के मिश्रण प्रचलित आहे. उष्ण प्रदेशात गोठण्याचा प्रश्न नसल्याने एक-तृतीयांश शीतक व दोन-तृतीयांश पाणी हे प्रमाण पुरेसे मानले जाते, कारण अशा मिश्रणाची उष्णता वाहून नेण्याची क्षमता अधिक असते. यापेक्षा फार पातळ केल्यास गंजरोधकांचे प्रमाण परिणामकारक राहत नाही. बाजारात मिळणाऱ्या तयार मिश्रणात पुन्हा पाणी घालायचे नसते. त्यामुळे डबा तीव्र शीतकाचा आहे की तयार मिश्रणाचा, हे आधी पाहावे लागते.

शीतक बदलण्याची पद्धत

शीतक नेहमी इंजिन पूर्ण थंड असताना बदलतात. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडल्यास दाब एकाएकी उतरून शीतक उसळते व गंभीर भाजण्याचा धोका असतो.

प्रथम हीटरचे नियंत्रण ‘उष्ण’ स्थितीत ठेवून झाकण काढले जाते. नंतर रेडिएटरच्या तळाची तोटी व इंजिनाच्या ठोकळ्याच्या बाजूची तोटी किंवा बूच उघडतात. केवळ रेडिएटर रिकामा केल्यास जुन्या शीतकाचा मोठा भाग ठोकळ्यातच राहतो. ठोकळ्याची तोटी गाळाने तुंबलेली असल्यास तारेने मोकळी करावी लागते. जुन्या पितळी तोट्या ठिसूळ झालेल्या असू शकतात, म्हणून त्यांवर जोर लावला जात नाही.

त्यानंतर बाहेर पडणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत प्रणाली धुतली जाते. गाळ जास्त असल्यास थर्मोस्टॅट काढून नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने पाणी सोडतात. रेडिएटर स्वतंत्रपणे काढून धुतल्यास ठोकळ्यातील गाळ त्याच्या नळ्यांत जात नाही. आम्लयुक्त सफाई द्रव वापरल्यास ते ॲल्युमिनियमवर फार काळ राहू न देता पूर्णपणे धुऊन काढावे लागते. शीतकाचा प्रकार बदलायचा असल्यास ही पायरी विशेष काळजीने केली जाते. भिन्न गंजरोधक एकत्र आल्यास ते निष्प्रभ होऊ शकतात किंवा जेलीसारखा साका तयार होऊ शकतो.

याच वेळी होज पाइप, त्यांचे क्लिप, फॅन बेल्ट, थर्मोस्टॅट आणि झाकणाचे रबरी वायसर तपासले जाते. अनेक वर्षे केवळ पाण्यावर चाललेल्या इंजिनात ग्लायकॉल भरल्यावर गळती सुरू झाल्याचे आढळते. ग्लायकॉल बारीक फटींतून सहज झिरपते आणि त्यांत साचलेला गंज मोकळा करते. दोष मूळ सांध्यात असतो, शीतक तो केवळ उघड करते.

धुतल्यानंतर ठोकळ्यात काही पाणी शिल्लक राहतेच. त्यामुळे मोजून घेतलेले तीव्र शीतक आधी भरून उरलेली जागा पाण्याने भरणे सोयीचे ठरते. उदाहरणार्थ, प्रणालीची एकूण क्षमता ६ लिटर आणि इच्छित प्रमाण एक-तृतीयांश असल्यास प्रथम २ लिटर शीतक घातले जाते. भरणे सावकाश करतात, म्हणजे हवा अडकत नाही. हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो उघडा ठेवतात, नसल्यास मोटारीचा पुढचा भाग थोडा उंच केला जातो. इंजिन चालू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत, म्हणजे बहुतेक मोटारींत ८० अंशांच्या आसपास, तापवतात. वरचा होज पाइप गरम झाला की अभिसरण सुरू झाल्याचे समजते. इंजिन पुन्हा थंड झाल्यावर पातळी तपासून भर घातली जाते. प्रसरण टाकी नसलेल्या मोटारीत रेडिएटर काठोकाठ भरत नाहीत. तोंडापासून दोन ते तीन सेंटिमीटर जागा मोकळी ठेवली जाते, अन्यथा प्रसरण पावलेले शीतक नळीवाटे बाहेर सांडते.

तपासणी

ग्लायकॉलचे प्रमाण हायड्रोमीटरने किंवा प्रकाशाच्या वक्रीभवनावर आधारित रिफ्रॅक्टोमीटरने मोजतात. एथिलीन व प्रॉपिलीन ग्लायकॉलसाठी मोजपट्ट्या वेगळ्या असतात. या उपकरणांवरून गंजरोधकांची स्थिती कळत नाही. त्यासाठी आम्लता दर्शवणाऱ्या कागदी पट्ट्यांचा काही प्रमाणात उपयोग होतो. मिश्रणाचा सामू ७ च्या खाली गेल्यास ते बदलणे आवश्यक असते. तांबूस-तपकिरी रंग लोखंडाचा गंज दर्शवतो. तेल भरण्याच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरट थर दिसल्यास हेड गॅस्केटमधून गळतीची शक्यता असते, मात्र केवळ लहान फेऱ्या करणाऱ्या मोटारीत साठलेल्या बाष्पामुळेही तो दिसतो. कमी चालवल्या जाणाऱ्या मोटारीतही शीतक जीर्ण होते. म्हणून अंतरापेक्षा कालावधीवरून ते बदलले जाते.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात हिवाळ्यात इंजिनातील पाणी गोठण्याइतकी थंडी बहुतेक ठिकाणी पडत नाही. त्यामुळे रेडिएटरमध्ये साधे पाणी भरण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. घाट चढताना पाणी उकळले की मोटार थांबवून, इंजिन निवल्यावर पुन्हा पाणी घालणे हा प्रवासाचा परिचित भाग होता. अशा हवामानात शीतकाची गरज गोठण्यापेक्षा उकळणे व क्षरण यांच्या संदर्भात असते.

मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बनवलेली, फियाट ११०० वर आधारित प्रीमियर पद्मिनी हे याचे ठळक उदाहरण आहे. तिच्या १,०८९ घन सेंटिमीटर इंजिनाचा ठोकळा लोखंडी, तर हेड ॲल्युमिनियमचे असल्याने नुसत्या पाण्यावर हेडचे क्षरण होते. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून परिचित असलेली पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सीसेवेतून बाद झाली. आता उरलेल्या पद्मिनी मुख्यतः हौशी मालकांकडे आहेत. टॅक्सीप्रमाणे रोज न चालता त्या बराच काळ उभ्या असतात, त्यामुळे त्यांच्या जतनात नियमित शीतक बदलाला महत्त्व आहे.

विषारीपणा आणि विल्हेवाट

एथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर पण अत्यंत विषारी असते. शरीरात त्यापासून ऑक्झॅलिक आम्ल बनते, आणि त्याचे कॅल्शियम स्फटिक मूत्रपिंडात साचून ते निकामी होऊ शकते. प्रौढ माणसाला सुमारे १०० मिलिलिटर मात्रा प्राणघातक ठरू शकते. लहान मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना त्याहून पुष्कळ कमी मात्राही घातक असते. काही उत्पादक त्यात डेनाटोनियम बेंझोएट हा अतिशय कडू पदार्थ मिसळतात. विषबाधेवर फोमेपिझोल किंवा वैद्यकीय देखरेखीखाली इथेनॉल हे उतारे दिले जातात. उपचार लवकर सुरू होणे निर्णायक असल्याने शीतक पोटात गेल्याचा संशय आल्यास लक्षणांची वाट न पाहता रुग्णालयात जाणे आवश्यक असते.

वापरलेल्या शीतकात ग्लायकॉलबरोबर शिसे व तांबे यांसारखे विरघळलेले धातूही असतात. त्यामुळे ते गटारात, जमिनीवर किंवा विहिरीजवळ ओतणे धोक्याचे असते. ते झाकणबंद व नाव लिहिलेल्या डब्यात साठवून घातक कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत संकलन व्यवस्थेकडे दिले जाते. पिण्याच्या पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत शीतक ठेवल्यास चुकून प्यायले जाण्याचा धोका असतो. म्हणून ते मूळ डब्यातच ठेवावे लागते.